ऑनलाइन तासांचा थकवा मोजायचाय, पण मराठी प्रश्नावलीत अडकलेय

अनवट

नमस्कार मंडळी,

मी मानसशास्त्रात पीएचडी करतेय. विषय आहे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगमुळे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना येणारा थकवा. गेले काही महिने एकाच जागी अडकलेय. इथे भाषेतली आणि आकड्यांतली अशी दोन्हीकडची जाणकार मंडळी आहेत, म्हणून हा धागा. जरा लांबलाय, तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

थकवा मोजायला मी नवी प्रश्नावली बनवत नाहीये. जेराल्डीन फोव्हिल, जेरेमी बेलेन्सन, जेफ हँकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली 'झूम एक्झॉशन अँड फटीग स्केल' २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधक तिला झेडईएफ म्हणतात. आधी लोकांच्या मुलाखती घेऊन त्यांनी ४९ प्रश्न काढले, ते ३९५ जणांकडून भरून घेतले आणि घटक विश्लेषणाने (म्हणजे कोणत्या प्रश्नांची उत्तरं एकत्र हलतात ते बघून प्रश्नांचे गट पाडायची पद्धत) गाळत गाळत १५ वर आणले. या १५ प्रश्नांचे पाच गट पडतात, प्रत्येकी तीन प्रश्नांचे: सर्वसाधारण थकवा, डोळ्यांचा थकवा, सामाजिक थकवा, प्रेरणेचा (म्हणजे पुढचं काही करावंसंच न वाटणं) आणि भावनिक. उत्तरं १ ते ५ अशी. पुढे मोठ्या गटावर तपासलं तेव्हा दिसलं की कॉल जितके जास्त, जितके लांब आणि जितके एकामागून एक उसंत न देता झालेले, तितका थकवाही जास्त.

माझ्या अभ्यासातले विद्यार्थी रोज मराठीत बोलतात, मराठीत वैतागतात. म्हणून प्रश्नावली मराठीत हवी. पद्धत पुस्तकात दिलेलीच घेतली. दोघींनी स्वतंत्र भाषांतर केलं, दोन्ही ताडून एक मसुदा केला, मग मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून त्याचं परत इंग्रजीत भाषांतर करून घेतलं. ते मुळाशी जवळजवळ शब्दशः जुळलं. मला सांगण्यात आलं, "झालं की मग. फॉर्म पाठवून द्या आता."

पाठवण्याआधी मी सहा-सात विद्यार्थ्यांना समोर बसवून तो भरायला दिला. त्यात एका मुलीचा कागद बघून थबकले. सगळीकडे ४ आणि ५, फक्त भावनिक गटाच्या पहिल्या प्रश्नाला १. आणखी एका मुलाचंही तसंच. तेव्हा काही विचारायचं सुचलं नाही. आता राहून राहून तेच डोक्यात आहे.

अडचणीचे प्रश्न देते. प्रत्येकाची सुरुवात 'व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनंतर' अशी आहे:

– तुम्ही किती थकलेले असता?
– तुम्ही किती दमलेले असता?
– तुम्ही मानसिकदृष्ट्या किती गळून गेलेले असता?
– तुम्ही सामाजिक प्रसंग किती टाळता?
– तुम्हाला इतर कामे करण्याची किती धास्ती वाटते?
– तुमच्या भावनांचा किती निचरा झालेला असतो?
– तुम्ही किती चिडलेले असता?
– तुम्ही किती मूडी असता?

उत्तरांचे पर्याय: अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, अतिशय.

कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

शेवटचा_बाक

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाषांतरातलं कळत नाही, पण 'सामाजिक प्रसंग किती टाळता' वाचल्यावर मला वाटलं की लग्नकार्याला जाता की नाही ते विचारताय. किंवा समाजकार्य.

बोरू

अनवट, तू काम मनापासून केलं आहेस हे दिसतंय. एवढे कष्ट फार थोडे लोक घेतात. म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी तो निचरा.

मूळ इंग्रजी प्रश्न 'इमोशनली ड्रेन्ड' असा असणार. ड्रेन म्हणजे निचरा, हे शब्दकोशात बरोबरच आहे. पण मराठीत 'भावनांचा निचरा होणे' हा बांधून आलेला प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ चांगला आहे. माणूस रडतो, बोलून मोकळा होतो, आत साठलेलं वाहून जातं आणि हलकं वाटतं, तो निचरा. पाणी साचून राहिलं की शेत खराब होतं, निचरा झाला की जमीन सुधारते. तुझा प्रश्न त्या मुलीने मराठी माणसासारखा वाचला. 'कॉलनंतर तुमचं मन मोकळं होतं का?' असं तिला विचारलं गेलं, आणि तिने अजिबात नाही म्हटलं. माझा तर्क सांगतो, तिला पुन्हा विचार. जी सगळ्यात जास्त पिचली आहे तीच इथे १ देणार.

आता परत केलेलं भाषांतर का जुळलं ते बघ. ज्याने ते केलं त्याला इंग्रजी उत्तम येत असणार. त्याने 'निचरा' पाहिलं, 'ड्रेन' लिहिलं. तुमच्या दोघींचा शब्दकोश आणि त्याचा शब्दकोश एकच. शब्द जसा गेला तसा परत आला, वाटेत अर्थ सांडला ते कोणालाच दिसलं नाही. ही पद्धत रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि तिचा उपयोग आहेच, वगळलेला शब्द, उलटलेला नकार हे ती पकडते. पण जितकं शब्दशः भाषांतर, तितकं ते परत नेमकं जुळतं. म्हणजे वाईट भाषांतरालाही ती शाबासकी देऊ शकते. तू विद्यार्थ्यांना समोर बसवलंस, ते या सगळ्यापेक्षा मोलाचं काम केलंस.

दुसरं. 'थकलेले असता', 'दमलेले असता', 'चिडलेले असता'. मराठीत या रूपांना लिंग आहे. मुलगी वाचताना मनात 'थकलेली' करून घेते, म्हणजे प्रत्येक प्रश्नात तिला एक छोटं भाषांतर स्वतःच करावं लागतं. आणि ही रूपं झालेल्या गोष्टीचं वर्णन करतात, जाणवणं सांगत नाहीत. आपल्याकडे थकवा येतो, कंटाळा येतो, चिडचिड होते, नकोसं वाटतं. माणूस कर्ता नसतोच, त्याला ते होतं. 'तुम्हाला किती थकवा जाणवतो?' म्हटलंस की लिंगाचाही प्रश्न सुटतो आणि वाक्यही मराठी होतं.

'चिडलेले' म्हणजे कोणावर तरी चिडलेले. इथे 'चिडचिड' हवं, ज्याला कोणी एक कारण नसतं. 'मूडी' आपल्याकडे स्वभावाला म्हणतात: लहरी माणूस, आज बोलेल उद्या नाही. तासापुरतं कोणी मूडी होत नाही, तासाने मूड जातो. 'धास्ती' म्हणजे भीती, परीक्षेची धास्ती असते. मूळ शब्द 'ड्रेड' असला तरी इथे भीती अभिप्रेत नाही, पुढच्या कामाचं नाव काढलं तरी नको वाटतं ते अभिप्रेत आहे.

फळाखडू

बोरूकाका, निचऱ्याचं वाचून खरंच चमकले. मी पदवीच्या वर्गांना शिकवते, आमचे निम्मे तास अजून ऑनलाइन आहेत. मुलं कशी आहेत हे कळायला मला काहीतरी साधन हवंच होतं. अनवट, तुझी प्रश्नावली झाली की मी माझ्या वर्गाला दिली तर चालेल का? आणि बेरीज किती आली म्हणजे मुलाला त्रास आहे असं समजायचं?

मध्यक

फळाखडूताई, तुमच्या प्रश्नाकडे येतोच. आधी अनवट यांच्यासाठी.

मी संख्याशास्त्राचा माणूस. असे भाषांतरित प्रश्नावल्यांचे आकडे माझ्याकडे तपासायला येतात आणि बहुतेक वेळा एकच वाक्य सोबत असतं: 'क्रॉनबॅक अल्फा ०.९ च्या वर आहे, म्हणजे विश्वसनीय आहे.' यावर थोडं थांबतो, कारण इथेच सगळे फसतात.

१९५१ पासून वापरात असलेला हा अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांसोबत किती हलतात. ०.७० च्या वर असला की लोक समाधानी होतात. पण तुमचे पहिले दोन प्रश्न बघा, थकलेले आणि दमलेले. विद्यार्थ्याला ते एकच वाटले तर तो दोन्हीकडे तोच आकडा टाकणार आणि अल्फा वर जाणार. एकच प्रश्न तीनदा विचारा, अल्फा उत्तम येईल आणि माहिती एका प्रश्नाचीच मिळेल. तीन-तीन प्रश्नांच्या गटात हे फार चटकन होतं. म्हणून ०.९५ च्या पुढचा अल्फा पाहिला की मी खूश होण्याऐवजी प्रश्न वाचायला घेतो.

उलट बाजूने, 'निचरा' हा प्रश्न गटातल्या बाकी दोन प्रश्नांच्या विरुद्ध गेला असता. आकड्यांत तो नक्की दिसला असता, पण शेकडो विद्यार्थ्यांचा वेळ घेऊन झाल्यावर. आणि सहसा अशा वेळी लोक काय करतात? 'हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांत चालत नाही' असं लिहून तो काढून टाकतात. म्हणजे भाषांतराची चूक विद्यार्थ्यांच्या मनाचा गुणधर्म म्हणून छापून येते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घटक विश्लेषणाबद्दल: पाच गट आहेत हे आधीच माहीत आहे, तेव्हा ते पुन्हा शोधत बसण्याआधी तेच पाच गट तुमच्या आकड्यांना बसतात का ते पडताळा, म्हणजे कन्फर्मेटरी विश्लेषण करा. रचना आकड्यांना किती बसते हे सांगणाऱ्या निर्देशांकांसाठी हू आणि बेंटलर यांचे १९९९ चे निकष सगळे वापरतात: सीएफआय (जितका जास्त तितकं चांगलं) ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए (जितका कमी तितकं चांगलं) ०.०६ च्या आसपास किंवा खाली. ते पत्थर की लकीर नाहीत, पण दिशा देतात. १ ते ५ ही उत्तरं क्रमाची आहेत, मोजपट्टीवरची नाहीत, त्यामुळे क्रमवाचक माहितीसाठीची गणनपद्धत निवडा. आणि ज्या विद्यार्थ्यांवर प्रश्न दुरुस्त केलेत त्यांच्यावरच शेवटची पडताळणी करू नका. वेगळा गट घ्या.

मध्यक

फळाखडूताई, कृपया तुमच्याच वर्गाला देऊ नका. गुण देणारी व्यक्तीच विचारतेय म्हटल्यावर 'नाही भरत' म्हणायची मोकळीक मुलांना राहत नाही, आणि भरलं तरी खरं लिहितील याची खात्री नाही. संशोधन असेल तर नीतिसमितीची परवानगी आणि लेखी संमती लागतेच.

बेरजेचं म्हणाल तर ही निदानाची चाचणी नाही. अमुक अंकाच्या वर आजारी, खाली ठणठणीत, अशी रेषा तिच्यात ओढलेली नाही. दोन परिस्थितींची किंवा दोन गटांची तुलना करायला ती उपयोगी पडते. एका मुलाची काळजी वाटत असेल तर त्याच्याशी बोलणं हेच साधन.

फळाखडू

पटलं. बोलणं हातात असताना मी आकडा शोधत होते. धन्यवाद.

शेवटचा_बाक

मला एक विचारायचंय. 'व्हिडिओ कॉन्फरन्सिंग' म्हणजे नक्की काय धरायचं? आमच्याकडे हा शब्द कोणी वापरत नाही. आम्ही 'लेक्चर' म्हणतो किंवा 'मीट'. आणि त्यातही दोन प्रकार असतात.

सकाळच्या लेक्चरला शंभरेक जण असतात, सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद. सर बोलत असतात, स्क्रीनवर स्लाइड. मी फोन उशीला टेकवून आडवा पडून ऐकतो. त्यातून उठलो की डोकं जड असतं, सुस्ती असते, दिवस वाया गेल्यासारखं वाटतं. पण डोळ्यांना फार काही होत नाही, कारण मी बघतच नसतो.

दुसरं म्हणजे प्रोजेक्टचा ग्रुप कॉल. सात जण, कॅमेरा चालू ठेवायचाच. त्यात मी पूर्ण वेळ कोपऱ्यातला माझाच चौकोन बघत बसतो. केस नीट आहेत का, मागची दोरी दिसतेय का, मी ऐकतोय असं दिसतंय का. समोरचा बोलायचा थांबला की आपण बोलायचं का, तोवर दुसराच बोलतो, मग दोघं थांबतो, मग 'तू बोल, तू बोल'. अर्ध्या तासात मी संपतो. नंतर रूममेट काही विचारायला आला तरी अंगावर जातो.

हे दोन्ही थकवे मला तरी एक वाटत नाहीत. फॉर्मवर मी कुठला विचार करून आकडा टाकू?

बोरू

बाळा, तुझा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. 'मी संपतो' हा शब्दही टिपून ठेव, अनवट.

अनवट

हो, टिपला.

शेवटचा_बाक, तू जे वर्णन केलंस ते बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये एका लेखात मांडलेल्या कारणांशी तंतोतंत जुळतं. त्यांनी चार कारणं सांगितली होती. एक, चेहरे फार जवळ आणि सतत आपल्याकडे बघणारे. दोन, मान डोलावणं, डोळ्यांनी खुणावणं हे प्रत्यक्षात आपोआप होतं, ते इथे ठरवून करावं लागतं आणि समोरच्याचंही जाणून घ्यावं लागतं. तीन, स्वतःचाच चेहरा सतत समोर, दिवसभर कोणीतरी आरसा धरल्यासारखा. चार, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचं म्हणून हालचाल खुंटते. हा त्यांचा तर्क होता, पुढे त्यातल्या काही गोष्टी तपासल्या गेल्या. क्रिस्टन शॉकली आणि सहकाऱ्यांनी १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे प्रयोग केला, त्यात कॅमेरा चालू ठेवण्याचा थकव्याशी संबंध आढळला आणि तो स्त्रियांत आणि नव्याने रुजू झालेल्यांत जास्त होता. झेडईएफ वापरून दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली, तिच्यातही स्त्रियांचा थकवा जास्त निघाला, आणि त्यामागे स्वतःच्या प्रतिमेकडे लक्ष जाणं हे एक मोठं कारण दिसलं.

पण तुझ्या पहिल्या प्रकारात, कॅमेरे बंद असलेल्या लेक्चरमध्ये, या चारपैकी जवळजवळ काहीच नाही! आरसा नाही, नजरा नाहीत, हालचालीला बंधन नाही. तरी सुस्ती आहे. तिला थकवा म्हणायचं की मरगळ? मी आत्तापर्यंत दोन्ही एकाच प्रश्नात कोंबत होते.

दृष्टिक्षेप

डोळ्यांचे रुग्ण तपासतो, म्हणून फक्त डोळ्यांच्या तीन प्रश्नांबद्दल. मूळ प्रश्न अंधुक दिसणं, डोळ्यांची चुरचुर आणि डोळे दुखणं असे आहेत ना? भाषांतर सोपं आहे, इथे मराठी समृद्ध आहे. पण हे लक्षात ठेवा की पडद्याकडे बघताना माणसाची पापण्या मिटण्याची गती कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. हे कुठल्याही पडद्याने होतं. विद्यार्थी तासानंतर तोच फोन हातात धरून दोन तास बसला तर त्याची चुरचुर कॉलच्या खात्यात जमा होईल. दिवसभरातला एकूण पडद्याचा वेळ आणि झोप वेगळी विचाराच. चष्मा आहे का हेही.

मध्यक

दृष्टिक्षेप यांनी नेमकं दुखणं सांगितलं. सगळे प्रश्न 'कॉलनंतर किती' असे आहेत, 'कॉलआधी किती' कुठेच नाही. रात्री तीनला झोपलेला मुलगा सकाळी नऊच्या तासानंतर थकलेला असणारच, तास वर्गात झाला असता तरी. म्हणजे प्रश्नावली थकवा मोजेल, पण तो कॉलमुळेच आला हे तिच्या भरवशावर म्हणता येणार नाही. त्याला तुलना लागते. रेने रीडल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३५ विद्यापीठीय विद्यार्थी होते, ५० मिनिटांचं व्याख्यान, एकदा समोरासमोर आणि एकदा व्हिडिओवर, आणि मेंदूचे व हृदयाचे विद्युत आलेख घेतले. तिथे फरक दिसला. नमुना लहान आहे, पण रचना मला आवडते, कारण त्याच विद्यार्थ्याची त्याच्याशीच तुलना आहे.

अनवट, तुमच्याकडे यंत्रं नसतील. पण त्याच विद्यार्थ्यांना एका ऑनलाइन तासानंतर लगेच आणि एका प्रत्यक्ष तासानंतर लगेच तेच प्रश्न देता येतील. 'लगेच' महत्त्वाचं. महिनाभराचा थकवा आठवून लिहायला सांगितलं की लोक शेवटचा वाईट दिवस लिहितात.

आणि फॉर्म फक्त ऑनलाइन लिंकने पाठवू नका. जो पडद्याला सगळ्यात जास्त कंटाळलाय तो आणखी एक लिंक उघडणारच नाही, आणि तुमच्या नमुन्यातून नेमका तोच गळेल. शक्य तिथे कागदावर घ्या.

अनवट

ही शेवटची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

उत्तरांच्या पर्यायांबद्दल कोणी सांगेल का? 'थोडा' आणि 'थोडी'चा घोळ आहे. थकवा थोडा, चिडचिड थोडी, अंधुक थोडं. कोष्टकाच्या डोक्यावर एकच शब्द लिहायचाय.

बोरू

न बदलणारे शब्द घे: अजिबात नाही, किंचित, मध्यम, खूप, अतिशय. 'किंचित' जरा पुस्तकी आहे, पण सगळ्यांना कळतो. मला काळजी शेवटच्या दोघांची आहे. 'खूप' आणि 'अतिशय' यांत मोठा कोणता? मी लिहिताना 'अतिशय' वर ठेवतो, पण बोलताना कोणी 'अतिशय दमलो' म्हणत नाही. चिठ्ठ्यांवर हे शब्द लिही, 'प्रचंड', 'पुष्कळ', 'साधारण' हेही त्यात घाल, आणि मुलांना कमीकडून जास्तीकडे लावायला सांग. जे शब्द सगळेजण एकाच जागी ठेवतील तेच वापर.

मध्यक

उत्तम उपाय. पायऱ्यांचा क्रमच वाचणाऱ्याला निश्चित नसेल तर पुढचं माझं सगळं गणित हवेत. शिवाय 'किती वेळा' विचारणाऱ्या प्रश्नांना वेगळे पर्याय लागतील: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. ते 'किती'च्या कोष्टकात मिसळू देऊ नका.

अनवट

आठ दिवसांनी येतेय. मसुदा बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थ्यांसमोर बसले. यावेळी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला, मग 'तुझ्या शब्दांत हा काय विचारतोय?' आणि 'हाच आकडा का?' एवढंच विचारलं. एकेकाला पाऊण तास लागला.

सगळ्यात आधी त्या मुलीला भेटले. निचऱ्याचा प्रश्न पुढे ठेवला. ती म्हणाली, "निचरा कुठला ताई, सगळं आतच राहतं. वर्गात निदान बाहेर पडल्यावर मैत्रिणीशी बोलतो. इथे बटण दाबलं की संपलं, खोलीत मी एकटी." मग मी तिला मूळ प्रश्नाचा अर्थ समजावून सांगितला तर तिने लगेच ५ दिला. १ चा ५ झाला, एका शब्दापायी. काका, तुमचा तर्क अक्षरशः खरा ठरला.

त्या प्रश्नासाठी तीन पर्याय नेले होते. 'मन रितं झाल्यासारखं' दोघांना शांत वाटणं वाटलं, ध्यानानंतर वाटतं तसं. तो बाद. 'भावनिकदृष्ट्या थकवा' सगळ्यांनी वाचला आणि कोणालाच स्वतःच्या शब्दांत सांगता आला नाही. 'मन थकून गेल्यासारखं' मात्र लगेच पोचला.

त्यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली. मला मानसिक आणि भावनिक थकवा वेगळे ठेवायचे होते आणि 'मानसिकदृष्ट्या', 'भावनिकदृष्ट्या' लिहून ते वेगळे होत नव्हते. मुलं दोन्ही मनाशीच जोडत होती, आणि 'मानसिक' शब्दातच मन आहे म्हटल्यावर त्यांचं चुकत नव्हतं. पण बोलताना तीच मुलं न सांगता फरक करतात. गणिताच्या तासाने डोकं शिणतं. ग्रुप कॉलवर कोणी आपलं बोलणं मध्येच तोडलं की मन थकतं. मला जो भेद शब्दकोशात सापडत नव्हता तो त्यांच्या तोंडी तयार होता.

आता मसुदा असा:

– तुम्हाला किती थकवा जाणवतो?
– अंगातलं त्राण गेल्यासारखं किती वाटतं?
– डोकं शिणून गेल्यासारखं किती वाटतं?
– लोकांत मिसळणं किती टाळावंसं वाटतं?
– पुढचं काम किती नकोसं वाटतं?
– मन थकून गेल्यासारखं किती वाटतं?
– किती चिडचिड होते?
– मूड किती जातो?

आणि सुरुवातीला एक सूचना: 'आज नुकत्याच झालेल्या ऑनलाइन तासाचा किंवा कॉलचा विचार करून उत्तरं द्या.' त्याखाली चार चौकटी: तुमचा कॅमेरा चालू होता की बंद, तुम्हाला बोलायचं होतं की फक्त ऐकायचं, किती वेळ, त्याआधी लागून दुसरा तास होता का. मूळ लेखकांनाही मेल लिहिलाय, भाषांतरात काय आणि का बदललं ते प्रश्नागणिक कळवलंय.

बोरू

'त्राण' बरा आहे, पण तरुण मुलं म्हणतात का?

अनवट

म्हणत नाहीत, पण सगळ्यांना कळला आणि सगळ्यांनी 'थकवा'पेक्षा वरचा म्हणून सांगितला. 'संपल्यासारखं वाटतं' हाही नेला होता. तो मुलांना पटकन भिडला, पण एकीला तो काळजी वाटावी इतका टोकाचा वाटला, जीवावर बेतल्यासारखा. म्हणून नाही घेतला.

मध्यक

योग्य निर्णय. आणि एक शेवटची विनंती. आकडे आले की तुमच्या विद्यार्थ्यांची सरासरी इंग्रजी अभ्यासातल्या सरासरीशेजारी ठेवून 'आपल्याकडे थकवा कमी' किंवा 'जास्त' असं लिहू नका. 'लोकांत मिसळणं टाळावंसं वाटतं' आणि त्याचं इंग्रजी मूळ यांना ३ देणं सारखंच जड आहे का, हे आधी दाखवावं लागतं. त्याला मापनसमता म्हणतात, आणि तिच्यासाठी दोन्ही भाषांतली कच्ची माहिती लागते. मराठीतल्या मराठीत कॅमेरा चालू विरुद्ध बंद, मुलगे विरुद्ध मुली, अशी तुलना करायलाही आधी हीच तपासणी करा. मुलगा आणि मुलगी 'मूड जातो' एकाच मापाने वाचतात का, हे गृहीत धरता येत नाही.

अनवट

मुलगे-मुलींची तुलना तर माझ्या प्रबंधाच्या पहिल्या गृहीतकात आहे. म्हणजे नमुना वाढवावा लागणार. चालेल, वाढवते.

शेवटचा_बाक

अनवटताई, कागदी फॉर्म असेल तर आमच्या वर्गासाठी पाठवा, मी वाटतो. ग्रुप कॉलनंतर लगेच भरायचा ना? बुधवारी संध्याकाळी असतो आमचा.

अनवट

संमतीपत्रासकट पाठवते. वाटणारा तू आणि बंद पाकिटात गोळा करणारी मी, म्हणजे कोणी काय लिहिलं ते तुलाही दिसणार नाही. आणि तू स्वतः भरू नकोस, तुला आता सगळे प्रश्न पाठ झालेत.